नत्थूजींची आजारी रजा

आष्टीच्या शाळेत नत्थूजी शिपाई एकवीस वर्षं घंटा देत आले होते. अठ्ठ्याहत्तर साली छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं, आणि नत्थूजींनी नोकरीत पहिल्यांदाच आजारी रजा घेतली.

घर शाळेच्या मागेच होतं. चौथ्या दिवशी अकरा वाजून गेले तरी घंटा ऐकू येईना. नत्थूजी बाजेवरून उठले.

"पडून राहा ना जी," त्यांची बायको सीताबाई करवादली. "तुमच्याबिगर का शाळा बंद पडून राह्यली?"

"पोरं खोळंबली असतीन," म्हणत ते भिंत धरत धरत गेले आणि टोले दिले.

नेमके तपासणीचे साहेब व्हरांड्यात उभे होते. "रजेवरचे शिपाई तुम्हीच ना? बरे झालात?"

साहेबाला नाही म्हणायची नत्थूजींना सवयच नव्हती. "हो जी," ते म्हणाले.

उरलेली रजा तिथेच रद्द झाली.

"काऊन आले जी तुम्ही?" हेडमास्तर हळहळले.

नत्थूजी धापा टाकत भिंतीशी बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या तासाची वेळ झाली होती. ते पुन्हा भिंत धरून उठले.