अभ्यासिकेतलं ऑफिस

आमच्या सरकारी विमा कंपनीत सवलत कधी एकटी येत नाही, अटीचं बोट धरूनच येते. आई गावी, पालमला, मोरीत घसरून पडली, मांडीत रॉड टाकावा लागला, तेव्हा मी संभाजीनगरच्या ऑफिसात साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. तिला माझ्याशिवाय कुणी नाही अन् मलाही तिच्याशिवाय कुणी नाही. लग्नाच्या भानगडीत मी पडलेच नाही. साहेब भला माणूस. बाहेरगावाहून काम करू देण्याचा नवा प्रयोग चालला होता, त्यात त्यांनी माझं नाव घातलं. पण घरून काम करायचं नाही म्हणाले. लोकांच्या विमा दाव्यांची प्रकरणं, उगीच कुणाच्या नजरेला पडायला नकोत. म्हणून कुलूपबंद खोली अन् पक्कं नेट असलेली को-वर्किंगची जागा पाहिजे. आणि परवानगी कुठवर, तर आई आपल्या पायांवर चालायला लागेपर्यंत. दर सोमवारी व्हिडिओवर आढावा.

पालममध्ये को-वर्किंग! मला हसूच आलं. पण निघाली की जागा. खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेल्या एका गड्यानं ती काढलेली. आता तो दुसऱ्यांना अभ्यासाला बसवत होता. मागच्या बाजूला त्यानं एसी लावून एक काचेची खोली केली होती आणि पाटीवर अभ्यासिकेच्या खाली ‘को-वर्किंग स्पेस’ असं झोकात लिहून ठेवलं होतं. तिथं येऊन काम करणारं पहिलं माणूस मी. दुसरं शेवटपर्यंत आलं नाही.

मजेत चाललं होतं म्हणा. दुपारी घरी येऊन गरम भाकरी खायची, आईला औषध द्यायचं, पुन्हा जिना चढायचा. बाहेरच्या हॉलमध्ये पोरंपोरी पुस्तकात मुंडी घालून बसलेली, त्यांच्यामधून मी चप्पल हातात घेऊन चोरासारखी आत जायची. हॉलमध्ये बोलायला सक्त मनाई. संभाजीनगरला माझी कुजबुज चार टेबलांपलीकडं ऐकू जाते, त्या मला इथं शिंकसुद्धा दाबावी लागायची.

डोक्याला ताप होता तो आईचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं आणि बाई पलंगावरून पाय खाली सोडेना. वॉकर आणला, तर त्याच्यावर तिनं टॉवेल वाळत घातला. काही म्हटलं की, दुखायलंय गं, उद्या बघू. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. रोज सकाळी मी आवाज चढवायची, ती भिंतीकडं तोंड करायची, आणि मी दार आपटून ऑफिसला.

मग गाव एकाएकी लईच मायाळू झालं. भाजीवाली न मागता कोथिंबीर टाकायला लागली. शाळेतले माझे गुरुजी रस्त्यात थांबले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, खचायचं नाही बाई, वयाची अट असते, पण काही ना काही निघेल. मला वाटलं, गुरुजींचं आता वय झालं.

उलगडा केला शेजारच्या काकूंनी. माझी नोकरी गेली, असं गावभर झालं होतं. काकूंचं म्हणणं असं, की अभ्यासिकेत नौकरी नसलेली माणसं जातेत. लागलेलं माणूस तिथं कामून जाईल? सरकारी नोकरी लागावी म्हणून अर्धा तालुका जिथं डोळे फोडून घेतो, तिथं लागलेली नोकरी करायला मी जात होते. मी पोट धरधरून हसले. हसून झाल्यावर विचारलं, आईला हे कळलंय का? काकूंनी नजर चुकवली. आई पहिल्या दिवसापासून तेच समजत होती. मला लाज वाटेल म्हणून तिनं काकूंनाही गप्प बसायला सांगितलं होतं.

तशीच घरात गेले. लॅपटॉप उघडून आईसमोर धरला. नोकरी आहे, पगार आहे, फक्त बसायची जागा बदललीय, दर सोमवारी साहेब ह्याच्यात दिसतात अन् बोलतात, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं बाई.” लहानपणी अंगात ताप असताना मी मला काही झालं नाही म्हणायची, तेव्हाही ती असंच बरं म्हणायची. मी पुन्हा ओरडले. तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतरच्या एका सोमवारी साहेबांनी विचारलं, आईंचं कसं काय? वरून विचारणा आली होती. परवानगी वाढवायची की संपवायची, हे त्यांना त्याच दिवशी कळवायचं होतं. मी मनापासून सांगितलं, “सर, आई अजून पलंगावरच आहे. एक पाऊल टाकत नाही.”

साहेब काहीतरी बोलत होते, पण माझं लक्ष उडालं. हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या होत्या. काचेपलीकडं आई उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात काकूंच्या खांद्यावर, कपाळाला घाम. मी घराबाहेर पडले की काकूंना धरून ती रोज अंगणात चालत होती, हे मला नंतर कळलं. त्या अभ्यासिकेच्या शांततेत ती दार ढकलून आत आली आणि थेट स्क्रीनसमोर उभी राहिली.

“सायब, मी हिची आई. माझ्यापायी पोरीची नौकरी गेली. तिला दुसरं काई न्हाई हो, नौकरीच हाय. आता मी चालायलेय, जिना चढून आलेय. हिला परत घ्या.”

साहेबांनी परोपरीनं सांगितलं, की आई, हिची नोकरी कुठंही गेलेली नाही, उलट काम चांगलं चाललंय. आईनं हात जोडले. “तुमचा मोठेपणा हाय सायब. पण एक तारखेपासून घ्या.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा हसण्याच्या बेतात होता, पण डोळे ओले होते. “मॅडम, एक तारखेला या मग.”

मला रागही आला आणि रडूही आलं. मला अजून राहायचं होतं. तिच्याजवळ राहायला मिळावं म्हणून मी धडपडत होते, आणि तिनं हाडं दुखवून घेऊन मला परत पाठवलं होतं. तिथंच, त्या पोरांसमोर, मी तिला धरून रडले. कुणी गप्प बसा म्हणालं नाही.

निघायच्या दिवशी ती चालत बसस्टँडवर आली. वाटेत भाजीवालीला सांगितलं, स्टँडवर गुरुजी भेटले त्यांना सांगितलं, की मी सायबाशी बोलले, परत घेतलं हिला. खरं काय ते सांगायला दोनदा माझं तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा मी ते मिटलं.

गाडी लागली. मी खिडकीत बसले. खाली उभी राहून ती म्हणाली, “आता नीट कर. माझ्यापायी पुन्हा नौकरी घालवू नको.”

मी म्हटलं, “न्हाई घालवणार.”