टेकडीवरची वेडी बाभूळ

"देखो, असं आहे..." एवढं म्हणून काका चष्मा काढत, धोतराच्या सोग्यानं पुसत आणि पुन्हा लावत. पुढचं वाक्य येईलच असं नाही. उत्तरेतल्या आमच्या शहरात, ओरछा गेट या जुन्या वेशीच्या आतल्या गल्लीत मराठी घरं तीनच उरली होती, त्यातलं एक आमचं आणि शेजारचं त्यांचं. सगळे त्यांना गोंधळलेला माणूस म्हणत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल.

काका जंगलखात्यात वनपाल होते. नोकरीच्या सुरुवातीलाच शहराबाहेरची एक उघडीबोडकी टेकडी त्यांच्या वाट्याला आली. तिथं पूर्वी दाट झाडी होती, सत्तावनच्या बंडानंतर कुणाला लपता येऊ नये म्हणून गोऱ्यांनी ती तोडली, असं माझे आजोबा सांगत. टेकडीखालच्या गावातले लोक म्हणत, झाडी कधी नव्हतीच, ते आमचं चराऊ रान. खातं म्हणे, जमीन सरकारी. काकांना तिघांचंही पटे.

त्यांनी तिथं विलायती बबूल लावली. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो, ती. खडकातसुद्धा येते. गावकऱ्यांनी कुंपण मोडलं, रोपं उपटली. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं तर काकांना दगड मारला. कपाळ फुटलं, पण त्यांनी तक्रार केली नाही. घरी येऊन म्हणाले, "तिचंही बरोबर आहे. शेळ्या चारायच्या कुठं?" आणि दुसऱ्या दिवशी कुंपण पुन्हा बांधायला गेले.

वर्षं गेली, झाडं वाढली. गावाला सरपण मिळू लागलं, शेळ्या शेंगांवर ताव मारू लागल्या. दगड मारणारी बाई म्हातारी झाली आणि काकांना लांबून राम राम करू लागली. त्या राम रामाचं काकांना फार अप्रूप. घरी आल्यावर आधी तेच सांगत.

मग हुकूम आला. ही बाभूळ परदेशी, दुसरं काही उगवू देत नाही, ती काढा आणि इथलीच झाडं लावा. "खोटं नाही ते," काका म्हणाले. "बाभळीखाली गवताचं पातं नाही." पण तोडणीच्या दिवशी एकट्यानं जाणं त्यांच्या जिवावर आलं. माझ्या शाळेला सुट्टी होती. मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

वर मजूर कुऱ्हाडी खाली ठेवून उभे होते. म्हातारी एका झाडाला पाठ टेकून बसली होती, मागे गावातल्या बायका. काकांना बघून ती अगदी शांतपणे म्हणाली, "साब, तुमई ने लगाए, अब तुमई कटवा रए?"

"देखो, असं आहे..." काका तिच्याशी चक्क मराठीतच बोलले. चष्मा काढला, तो हातातच राहिला. मग ते तिच्याशेजारी मातीत बसले. शेवटी त्यांनी मजुरांना घरी पाठवलं.

मला वाटलं, झाडं वाचली. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या साहेबानं माणसं आणून टेकडी मोकळी केली. आणि धावड्याची, खैराची नवी रोपं लावायला पुन्हा काकाच! तीही त्यांनी तितक्याच मायेनं लावली. कुंपणाला काटे तोडलेल्या बाभळीचेच. शेळ्या पुन्हा कुंपणाबाहेर. म्हातारीनं राम राम बंद केला.

"मी चुकलो का गं?" एकदा त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "तेव्हा की आता?"

"तेच तर कळत नाही."

काका गेले, त्यानंतरच्या पावसाळ्यात मी टेकडीवर गेले. धावडे कमरेपर्यंत आले होते आणि त्यांच्यामधून बाभळीच्या खुंटांना पुन्हा फुटवे आले होते. म्हातारी तिथंच, कुंपणाबाहेर शेळ्या राखत होती. काका गेल्याचं तिला सांगितलं. यातली काकांची झाडं कोणती म्हणायची, मी विचारलं.

तिनं काठी उचलून सबंध टेकडीवरून फिरवली. "सब उनईं को करो-धरो है."

सगळं त्यांचंच केलेलं, असं म्हणताना तिच्या आवाजात राग होता की माया, मला ओळखता आलं नाही. तिनं शेळ्यांना हाक मारली आणि कुंपणाच्या फटीतून ती आत गेली.