टाकीवरची तांब्याची नळी

दिनांक ९ मार्च, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. परगावचे चार दिवसांचे परीक्षेचे काम आटोपून परतलेल्या प्रयोगशाळा साहाय्यक बाईंनी स्वतःच्या घराचे दार उघडले, तेव्हा काचेच्या टाकीतील समुद्रफूल खडक सोडून तळाशी कलंडले होते. त्याचे तोंड वासले होते. आणि टाकीच्या काठावर, बाईंनी कधीही न बसवलेली, एक चकचकीत तांब्याची नळी होती. ही नोंद अशासाठी, की पुढे नातेवाइकांत या प्रकाराची जी कहाणी फिरली तिच्यात नळी होती, समुद्रफूल नव्हते.

समुद्रफूल हे फूल नव्हे. दगडाला बूड चिकटवून बसणारा, बोटांसारख्या शुंडकांनी भक्ष्य ओढणारा तो एक प्राणी आहे. बाईंनी तो चौदा वर्षे सांभाळला होता. दुसऱ्यांनी वापरलेली काचपात्रे विसळण्यात ज्यांची नोकरी सरत आली, त्यांच्या आयुष्यात शेवटचा शब्द त्यांचा असावा अशी ही एकच जागा होती. टाकीतले पाणी हवेत उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोज सकाळी काचेवरच्या रेघेपर्यंत बिनमिठाचे शुद्ध पाणी घालावे लागते. या वेळी घराची किल्ली देऊन ते काम दोन जिने खाली राहणाऱ्या धाकट्या भावाकडे सोपवले होते. भाऊ प्लंबर. सूचना एका वाक्याची होती: कॅनमधले पाणी रेघेपर्यंत घाल, बाकी कशालाही हात लावू नकोस.

बाईंनी मिठाचे प्रमाण तपासले; चोख होते. तापमानही ठीक. मग त्यांनी नळी निरखली. कॅनपासून निघून ती टाकीत उतरत होती, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेले तिचे टोक हिरवट पडले होते. तपासणीच्या पेटीतले तांब्यासाठीचे थेंब पाण्याच्या नमुन्यात पडताच रंग बदलला; पाण्यात तांबे उतरले होते.

भाऊ हाक ऐकून चहाचा कप हातात घेऊनच वर आला.

“ताई, आधी ‘वा’ तर म्हण! पाणी आपोआप भरतं. तुझी रोजची कटकट मिटवली.”

“माझी की तुझी? चार दिवस दोन जिने चढणं जिवावर आलं तुझ्या.”

“वा गं वा! दुकानातली सगळ्यात भारी नळी लावली, तीही आळसानंच का?”

“तिनंच याची ही दशा केलीय. तांबं विष आहे याला.”

“अख्खी इमारत तांब्याच्या नळाचं पाणी पिते. मेलं का कोणी?” त्याने टाकीत डोकावून पाहिले. “फार लाडावलाय हा जेलीचा गोळा. महाराणीला प्लास्टिकच लागतं होय!”

“चुकलो म्हण.”

“कशाबद्दल? भेट दिल्याबद्दल?” उरलेला चहा संपवून तो खाली गेला.

रविवारच्या पाणीबदलासाठी कालवून ठेवलेले खारे पाणी बादलीत तयार होते, हेच नशीब. बाईंनी समुद्रफूल ओंजळीत उचलून पसरट टबात ठेवले, टाकीवरचा दिवा काढून त्यावर टांगला, पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप लावला आणि रोज निम्मे पाणी बदलले. तिसऱ्या दिवशी तोंड मिटले. आठव्या दिवशी त्याने उलट्या ठेवलेल्या चिनी मातीच्या वाटीला बूड घट्ट रोवले. रंग उडाला होता, आकार निम्मा झाला होता. पण ते जगले.

टाकी मात्र गेली. तांबे खडकात आणि वाळूत मुरते आणि महिनोन्महिने पाझरत राहते. चौदा वर्षांचे खडक बाईंनी बादल्या भरभरून भावाच्या दारावरून खाली नेले. तो दारात उभा होता; बादलीला हात लावायला पुढे झाला नाही. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

“भावानं हौसेनं बसवलं आणि तू उखडून टाकलंस?”

“मावशी, त्यानं मला विचारलं नाही.”

“सख्ख्या भावानं काय अर्ज करायचा होता?”

बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दाराचे कुलूप बदलले.

वाचकहो, मागणी साधी आहे. कोणी विश्वासाने किल्ली हाती दिली, तर सांगितले तेवढेच काम करा. सुधारणा सुचलीच, तर आधी विचारा. आणि नुकसान झाले, तर भेटवस्तूचे कौतुक सांगण्याआधी ‘चुकलो’ म्हणा. त्या दोन जिन्यांवरून तो शब्द अद्याप वर आलेला नाही.