पौर्णिमेपर्यंत ओढलेला हँडब्रेक

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या ताईला तर नाहीच. तुमच्यापाशी मात्र आज लिहायला बसले आणि हात थांबत नाहीये. छातीत धडधडतंय. भीतीनं असेल असं तुम्हाला वाटेल — नाही, उत्साहानं. हीच तर अडचण आहे. पण तिकडं मी सावकाश येते, सरळ जाणं मला जमत नाही.

झालं असं, की मागच्या आठवड्यात ताई माझ्याकडं सोलापूरला आली होती. माझी नोकरी इथंच आहे, आणि यंदाच मी एक जुनी गाडी घेतलीय. पावसाची झड लागली होती, त्यात गाडी बरेच दिवस इमारतीखाली उभी. बाजारात जायचं म्हणून बसलो, पहिला गियर टाकला, क्लच सोडला — गाडी पुढून जरा उचलली, मागून खाली बसली आणि बंद पडली. मागची चाकं फिरेनात. चावी वॉचमनकडं असते; त्यानंच कधीतरी पाणी मारून गाडी धुतली होती आणि काळजीनं हँडब्रेक ओढून ठेवला होता. चाकाच्या ओल्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर गंजून चिकटले होते.

आणि मला काय झालं माहीत नाही — मी अक्षरशः उडी मारून खाली उतरले. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक लावून मागचं चाक उचललं, हातोडीनं ड्रमच्या कडेला हलके ठोके दिले. एक बाजू, मग दुसरी. चाक खाली घेतलं, विटा काढल्या, आत बसले, रिव्हर्स टाकला आणि एक छोटा झटका दिला. टक्! तो आवाज मला पाठीच्या कण्यात जाणवला. गाडी मोकळी झाली. मी हसत सुटले. मी — जी रिक्षावाल्याला सुट्टे मागायलाही लाजते.

ताई शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "अगं बया, हे कुठं शिकलीस तू?"

"मोबाईलवर बघितलं होतं," मी म्हटलं.

ते खरंच होतं. कधी बघितलं होतं, ते तिनं विचारलं नाही.

आमचं घर जळकोटला, हायवेपासून थोडं आत. तेव्हा मी बारावीला होते, रोज नळदुर्गला इंग्रजी शाळेत जायची. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई, ताई, मी आणि मोठी आई — म्हणजे अण्णांची थोरली भावजय. मोठे बाबा गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द मोठ्या आईचा. शाळेत माझं इंग्रजी कमी पडायचं आणि घरात माझं मराठी सगळ्यांना पुस्तकी वाटायचं, त्यामुळं मी दोन्हीकडं गप्पच असायची. गप्प माणसाला एक फायदा असतो. त्याच्यासमोर कुणी काही लपवत नाही. मी मागच्या सीटवर बसून वर्षभर अण्णांचे पाय बघितले. क्लच कधी दाबतात, कधी किती सोडतात. गाडी मी अशी शिकले — बघून.

आमच्या घरात एक रीत आहे. दसऱ्याला तुळजापूरची देवी सीमोल्लंघन करते आणि मग पौर्णिमेपर्यंत झोपते, हे तुम्हाला माहीत असेल. देवी झोपलेली असताना आमच्याकडं गाडी हलवत नाहीत. दसऱ्याला गाडी धुवायची, पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा आणि चावी देव्हाऱ्यात ठेवून द्यायची. "ती निजली, आता हीबी निजू द्या," असं मोठी आई म्हणायची आणि बॉनेटवरून असा हात फिरवायची, जणू गाय आहे.

त्या दसऱ्याला संध्याकाळी सगळे सोनं द्यायला गावात गेले. मी डोकं दुखतंय म्हणाले. चावी अजून खुंटीलाच होती.

मी काय केलं असेल, तुमच्या लक्षात आलं असेल. हार घातलेली ती गाडी मी बाहेर काढली. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं, त्यातून घातली. दोन्ही बाजूंना पाणी उडालं, झेंडूचा हार काचेवर आपटत होता आणि मी एकटीच मोठमोठ्यानं काहीतरी गात होते. तेवढा आनंद मला त्याआधी कधी झाला होता? वळसा घालून मी वरच्या गल्लीनं परत अंगणात आले. आमचं अंगण रस्त्याकडं उतरतं. अण्णा हँडब्रेक कधीच ओढायचे नाहीत. ते गाडी गियरमध्ये घालायचे आणि चाकापुढं दगड लावायचे. पण दगड लावायला दुसरं माणूस लागतं, नाहीतर छातीत धीर लागतो. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, पार वरपर्यंत. मग उतरून दगड लावला, हार सरळ केला, चावी खुंटीला अडकवली. हँडब्रेक सोडायचा राहिला. आठवण झाली तेव्हा गाडीला कुलूप होतं आणि चावी देव्हाऱ्यात होती.

पौर्णिमेनंतरच्या सकाळी आम्ही सोलापूरला निघणार होतो. ताईची सुपारी फुटायची होती. मुलगा बँकेत होता. ताईला तो आवडला होता — हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी म्हटलं ना, मी बघत असते. फोन आला की ती गच्चीवर जायची आणि खाली येताना जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत यायची. त्या सकाळी तिनं मोरपंखी साडी नेसली होती. मला गाडी पुसायला पाठवलं. मी गुपचूप हँडब्रेक खाली केला आणि सुटले असं वाटलं.

अण्णांनी गाडी चालू केली. पहिला गियर. पुढून उचलली, मागून बसली, बंद. पुन्हा. पुन्हा बंद. अण्णांना घाम फुटला. शेजारचे गुरुसिद्धप्पा काका — एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर — ओट्यावरून उतरून आले.

"डबल बेल देऊ का अण्णा? बेलबिगर हालायची सवं न्हाय वाटतं हिला."

कुणी हसलं नाही. मग ते वाकून चाकाकडं बघत म्हणाले, "ब्रेक धरलाय हो मागचा. रिव्हर्स मारून बगा, सुटंल."

"निघालेली गाडी मागं घ्यायची न्हाय," मोठी आई म्हणाली. "सुपारीला निघालोय आपण."

"आन् ब्रेक कशानं धरंल?" अण्णा म्हणाले. "हँडब्रेक म्या जन्मात वढत न्हाय." मग ते आमच्याकडं वळले. "कुणी वढला व्हता का गं?"

आई बघत होती. ताई बघत होती. मी तुळशीमागं उभी होते आणि माझ्या हातात मोबाईल होता. त्यावर मी शोधलं होतं, आणि तिथं गुरुसिद्धप्पा काका म्हणत होते तेच लिहिलं होतं — ओल्या चाकावर हँडब्रेक राहिला की असं होतं, मागं-पुढं झटका द्या, सुटतं. एका मिनिटाचं काम.

"नाही," मी म्हटलं.

मोठ्या आईनं पदर सावरला आणि हात जोडले. "मग झालं. देवीआई उठली आन् पयली तिनं गाडी धरली. जाऊ नगा म्हणती ती."

ताई हळूच म्हणाली, "एसटीनं जाऊ की. नऊची गाडी मिळंल."

"तिच्या मनाच्या इरुद्ध? व्हय गं? उद्या काय झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

 ताईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी चावी काढून घेतली. आत जाऊन सोलापूरला फोन मोठ्या आईनंच केला. तिकडच्या लोकांनी सगळी तयारी केली होती. त्यांना जे वाटायचं ते वाटलं, आणि ते लग्न मोडलं. दुपारनंतर गुरुसिद्धप्पा काकांनी कुणाला न विचारता गाडीत बसून रिव्हर्स मारला. टक् झालं, गाडी सुटली. मोठी आई दारातून म्हणाली, "बघा. वेळ टळली आन् सोडली तिनं." आता तर कुणाला शंकाच उरली नाही.

तुम्ही म्हणाल, लहान होतीस, घाबरलीस. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले. पण मागच्या आठवड्यात तो टक् आवाज ऐकून जे उसळून आलं, त्यानंतर मला हे खोटं पुढं चालवता येत नाही. मी त्या दिवशी घाबरले होते का? थोडीशी. ओरडा बसला असता, गाडीला हात लावणं बंद झालं असतं, एवढंच. पण तुळशीमागं उभी असताना माझ्या अंगात जे भरलं होतं ते भय नव्हतं.

मला मजा येत होती.

सांगते, तसंच सांगते. ज्या घरात माझ्या बोलण्याकडं कुणी मान वळवायचं नाही, ते सगळं घर मी ओढलेल्या एका दांड्यापाशी अडून उभं होतं. अण्णांचा गियर चालेना, मोठ्या आईचा शब्दही गाडीपुढं चालेना, आणि त्यांना तो देवीचा हात वाटत होता. तो माझा होता. हे मला एकटीला माहीत होतं. ओढ्यातून गाडी काढताना झाला होता तसाच आनंद — कदाचित जास्त. मोरपंखी साडीतली ताई माझ्यापासून चार हातांवर उभी होती, तिचं तोंड उतरत चाललेलं मी बघत होते, आणि तरी मला ते थोडं आणखी चालावं असं वाटत होतं. 'नाही' म्हणताना माझा आवाज कापला नाही. उलट, घरात मी इतक्या स्पष्ट आवाजात क्वचितच बोलले असेन.

ताईचं पुढं लातूरला लग्न झालं. भाऊजी चांगले आहेत, मुलं गोड आहेत. म्हणून मी केलं ते कमी होत नाही. तिच्यातली एक गोष्ट बदलली, ती तेवढी सांगते. त्या दिवशी गाडी सुटली त्या आनंदात मी म्हटलं, चल, तुळजापूरला जाऊन येऊ. ती आली. पण देवळात आली नाही. ती कधीच येत नाही. भाऊजींबरोबर आली तरी बाहेरच बसते.

"तू जा," म्हणाली. "मी चपला सांभाळते. तिनं मला एकदा नको म्हटलंय, मी कशाला सारखी तिच्या दारात जाऊ?"

हसत म्हणाली. तिच्या हसण्यात राग नव्हता, पण ती आत आली नाही. देवीनं तिला कधीच काही म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं ते मी — एकच शब्द, तुळशीमागून. मी आत गेले, रांगेत उभी राहिले, देवीसमोर हात जोडले, बाहेर आले. मध्ये सांगायला भरपूर वेळ होता. मी सांगितलं नाही.

परत निघण्याआधी एका हॉटेलपुढं उतारावर गाडी लावली. मी गियर टाकला, उतरले, इकडंतिकडं दगड शोधला आणि चाकापुढं लावला.

"हँडब्रेक ओढलास ना गं?" ताईनं खिडकीतून विचारलं. "उतार आहे."

"नाही," मी म्हटलं.

या वेळी ते खरं होतं. ताईनं बरं म्हटलं आणि खाली उतरली.