‘या आठवड्यात’ या शब्दांची व्याप्ती

नात सात वर्षांची. तीन दिवस ताप उतरेना, म्हणून तिला सक्करदऱ्यातील घराजवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘या आठवड्यात कुठे बाहेरगावी गेली होती?’’

सुनेने तोंड उघडले. मी तिला हाताने थांबवले. विचारले असेल तेवढ्याचेच उत्तर द्यावे, हा नियम मी सरकारी पत्रव्यवहारात आयुष्यभर पाळला आहे.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ते खरे होते. डॉक्टरांनी तापाचे औषध दिले. रक्त तपासायला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला झटका आला. त्यानंतर हाक मारली तरी ती डोळे उघडेना. मोठ्या रुग्णालयात परिचारिकेने तिच्या बोटातून रक्त घेता घेता तोच प्रश्न केला. मी तेच उत्तर दिले.

‘‘अन् त्याच्या आधी, आबाजी?’’

‘‘ते आपण विचारले नव्हते.’’

‘‘आता विचारून राहिली ना!’’

सून म्हणाली, ‘‘मामाकडे होती, गडचिरोलीकडे. येऊन बारा दिवस झाले.’’

‘‘मंग काल डॉक्टरले काहून नाही सांगितलं?’’



तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मलेरिया मेंदूपर्यंत गेला आहे, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. रक्तातील साखरही घसरली होती. आधी ग्लुकोज दिले, मग शिरेतून आर्टेसुनेटचे इंजेक्शन. दुसरे बारा तासांनी, तिसरे चोवीस तासांनी.

‘‘वाचेल ना?’’ सुनेने विचारले.

‘‘उशीर झालाय. उद्या बघू.’’

मी बाकावर बसून पहिल्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार लिहू लागलो. मुद्दे भक्कम होते. रक्त तपासले नाही. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत आठवड्याहून अधिक काळ जाऊ शकतो, तरी चौकशी एकाच आठवड्याची केली. तिसरा मुद्दा होता माहिती दडवणाऱ्या व्यक्तीचा. तिथे माझे नाव लिहिले. तक्रारदार आणि गैरअर्जदार क्रमांक दोन एकच असलेला अर्ज कोणी दाखल करून घेईल का, याविषयी मला शंका होती.

तिसऱ्या इंजेक्शननंतर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तिने डोळे उघडले. बालरोगतज्ज्ञांनी वाकून विचारले, ‘‘नाव काय तुझं?’’

‘‘मले सू लागली,’’ ती म्हणाली.

उत्तर प्रश्नाला धरून नव्हते. कोणीही हरकत घेतली नाही.