पहिला विडा

दाजी गेल्याची बातमी मला धारहून आलेल्या टांगेवाल्याने दिली. "मास्तरसाब, तमारा जीजाजी शांत हुइ गया," एवढे बोलून तो घोड्याला पाणी पाजायला गेला. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान बाळकृष्णपंत. मी ओसरीवर तसाच बसून राहिलो... संध्याकाळी बाजारात एका मानकरी गृहस्थांनी मला थांबवून शोक प्रकट केला. माणूस चांगला होता, म्हणाले, फक्त डोके ठिकाणावर नव्हते. हे गृहस्थ गेली कित्येक वर्षे आपली खुर्ची दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीत यावी म्हणून खटपट करीत आहेत. त्यांनी दुसऱ्याच्या डोक्याच्या ठिकाणाविषयी बोलावे याचे मला आधी हसू आले आणि मग घरी येऊन रडू आले. आता महिना उलटला आहे. दाजींचे डोके कुठे होते ते एकदा सांगून टाकावे म्हणतो.

आमचे देवास म्हणजे एक गाव आणि दोन राज्ये. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते. आम्हांला वाटत नाही, कारण इथे म्हैस रस्ता ओलांडून गेली तरी तिच्यामागे दोन बाजूंचे दोन शहाणे लागतात. राजेलोक आपापल्या मोठेपणात असतील, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते त्यांच्या सावलीत वाढलेल्या मानकऱ्यांविषयी. कुणाची पालखी कुठे थांबावी, कुणी जोडे कुठे काढावेत, कुणाला मुजरा किती वाकून करावा, यांतच या मंडळींचे जन्म गेले. पाऊस पडला नाही तर यांना त्याचा पत्ता नसे, पण खुर्ची वीतभर मागे सरकली तर रात्रभर झोप नसे.

अशाच एका मानकऱ्यांच्या पदरी दाजी होते. अत्तर-पानाचे काम त्यांच्याकडे. ज्यांनी दरबार पाहिले नाहीत त्यांना हे काम क्षुल्लक वाटेल. पण समारंभ संपला असे तोंडाने कुणी म्हणत नसते. हाताला अत्तर लागले आणि विडा मिळाला की निरोप मिळाला, आणि तोपर्यंत कुणी उठायचे नाही. मग तो कितीही मोठा असो. दाजींना या कामाचा तेव्हा अभिमान होता, हेही लिहिले पाहिजे. चांदीची अत्तरदाणी स्वतः चिंचेने घासत. पानाची शीर काढताना त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नसे.

एक बडे इंग्रज साहेब बदलून जाणार होते. दोन्ही पात्यांकडच्या दोन मानकऱ्यांनी, त्यांतले एक दाजींचे धनी, मिळून त्यांना निरोप द्यायचे ठरवले. मैदानात शामियाना उभारला. गावातले सगळे प्रतिष्ठित अंगरखे आणि पागोटी घालून घामाने भिजत बसले. आम्ही शाळामास्तर अगदी कडेला, कनातीला टेकून. दवाखान्याचे डॉक्टर दुबे चौथ्या ओळीत. भाषणे झाली. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. आता अत्तर-पान. दाजी अत्तरदाणी आणि विड्यांचे तबक घेऊन पुढे झाले, आणि दोन्ही मानकरी एकाच वेळी उठून हात पुढे करून उभे राहिले.

साहेबांना अत्तर कुणाच्या हाताने लागायचे, हे कुणी आधी ठरवलेच नव्हते. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवले होते. एक म्हणाले, आमचे घराणे जुने. दुसरे म्हणाले, शामियान्याचे खांब आमच्या हद्दीत. दोन्हींकडचे कारभारी धावले. आजोबांच्या वेळी काय झाले, पणजोबांच्या वेळी काय झाले, कुठल्या लग्नात कुणी कुणाला गुलाबपाणी शिंपडले... सगळे निघाले. साहेब हसरा चेहरा करून बसले होते. त्यांचे घड्याळ खिशातून बाहेर येई आणि पुन्हा आत जाई. पण तेही उठले नाहीत. पाहुण्याने कधी उठायचे याचे त्यांच्याकडचे नियम आमच्याहून कडक असावेत.

इतक्यात दाजींचे शेजारी, रामाजी पाटीदार, कनातीखालून वाकून आत आले आणि सरळ दाजींपाशी गेले. वाद मिटेपर्यंत दाजी आमच्या कडेला येऊन उभे राहिले होते. मी जवळ होतो, म्हणून ऐकू आले. "भिया, छोरी की सांस अटकी री हे. डागदर साब के झट भेजो." गोदी, दाजींची एकुलती एक मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. दोन दिवस घसा धरला होता. गावात त्या महिन्यात घटसर्पाने तीन घरे रडली होती, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. दाजींनी चौथ्या ओळीकडे पाहिले. डॉक्टर अर्धवट उठलेसुद्धा, पण मागच्या चोपदाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तशरीफ रखिए. अभी अत्तर नहीं हुआ."

दाजी आपल्या कारभाऱ्यांच्या कानाशी लागले. मुलगी गुदमरते आहे, डॉक्टरांना तेवढे सोडा. कारभारी कळवळले, हे मी खोटे सांगणार नाही. म्हणाले, "थोडा दम धरा, पंत. निर्णय होतच आला आहे." आणि पुन्हा पणजोबांकडे वळले. त्या शामियान्यात शे-दोनशे माणसे होती. त्यांत न्याय देणारे होते, कर बसवणारे होते, तुरुंगात घालणारे होते. पलीकडच्या आळीत एक पोर श्वासासाठी तडफडत होते, आणि इतक्या सत्ताधीशांपैकी एकालाही आपले बूड खुर्चीवरून उचलता येत नव्हते.

दाजी वळले. दोन्ही मानकऱ्यांचे पसरलेले हात तसेच ठेवून, साहेबांच्या समोरून, तीन ओळी ओलांडून ते डॉक्टरांपाशी गेले. शांतपणे त्यांच्या मनगटावर अत्तर लावले. हातात विडा दिला. आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "डॉक्टरसाहब, आपको इजाज़त है."

डॉक्टर पळाले. चोपदाराचा हात आपोआप खाली आला, कारण विडा मिळालेल्या माणसाला अडवायचे कसे हे त्याला कुणी शिकवले नव्हते. आणि साहेब? त्यांना वाटले, झाले एकदाचे. ते चटकन उठून उभे राहिले. साहेब उठले म्हणून पहिली ओळ उठली, पहिली उठली म्हणून दुसरी. दोन मानकरी मध्ये हात पसरून उभे, आणि त्यांच्या आजूबाजूने सगळा दरबार जोडे शोधायला निघालेला! असे सुंदर दृश्य मी पुन्हा पाहिले नाही.

डॉक्टरांनी गोदीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. अक्का तिचे पाय धरून बसली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी तेव्हाही सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. पोर जगली. आवाज मात्र कायमचा घोगरा झाला.

दुसऱ्या दिवशी दाजींना कामावरून काढले. तेवढ्यावर भागले नाही. त्यांच्याकडे पान खाल्ले तर मानकऱ्यांची मर्जी जाईल, म्हणून ओळखीचे लोक रस्ता बदलून जाऊ लागले. शेवटी दाजी बिऱ्हाड घेऊन धारला गेले आणि एका देवळाची व्यवस्था पाहू लागले. तिथेही तीर्थ आधी शेटजींना की आधी वकिलांना, हा घोळ होताच. दाजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, ज्याला जायची घाई त्याला आधी. कुक्षीच्या बाजाराला निघालेली भिलीण पायरीवर उभी असे. तिला दाजी आधी बाहेर जाऊन तीर्थ देत, आणि आत शेटजी ओंजळ धरून तिष्ठत. घरातही हाच कायदा झाला. पंगत उठली की पहिला विडा वयाला नाही, मानाला नाही, ज्याला लवकर निघायचे आहे त्याला.

युरोपात लढाई पेटली तेव्हा सुटीत मी धारला होतो. देवळाच्या ओट्यावर रोज जगाची वाटणी चाले. कुणी म्हणे जगावर खरी सत्ता आपल्या बादशहाची, कुणी म्हणे कैसरची. मनावर गावचा एक कापसाचा व्यापारी म्हणे, दोघांनाही पैसा पुरवणाऱ्यांची. दाजी वाती वळत ऐकत असत. एकदा त्यांना फारच छेडले तेव्हा म्हणाले, "अरे, मी सत्ता जवळून पाहिली आहे. दुसरा बसलाय म्हणून पहिला बसतो आणि पहिला बसलाय म्हणून दुसरा. तिथं कोणीच कोणाचा मालक नव्हता, भिया." मग वातींचे तबक उचलून आत गेले. ते बोलणे मला तेव्हा तुटक वाटले होते. आता वाटत नाही.

दाजींच्या चौदाव्याला, गोडाच्या जेवणाला, मी धारला होतो. तिथलेही एक बडे गृहस्थ आले. दाजी असताना उंबरा न चढलेले हे महाशय लोडाला टेकून, आपल्यावर दाजींचा किती लोभ होता ते सांगत बसले. पंगत उठली तरी बोलणे संपेना, आणि ते उठेनात म्हणून कुणी उठेना. दाराशी डॉक्टर दुबे बसले होते. आता म्हातारे झाले आहेत. देवासहून एवढ्या लांब आले होते, आणि त्यांचा टांगा बाहेर कधीचा जुंपून उभा होता. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा लोडाकडे, आणि पुन्हा मांडी घालून बसले. मीही बसलो होतो.

तेवढ्यात माजघरातून गोदी विड्यांचे तबक घेऊन बाहेर आली. अशा बैठकीत लेकीबाळींनी यायचे नसते. बडे गृहस्थ बोलताबोलता थांबले आणि सवयीने त्यांनी हात पुढे केला. गोदी त्या हातावरून सरळ दाराशी गेली. खाली वाकली. गळ्यावरचा पांढरा व्रण दिसला.

"डॉक्टरकाका, विडा घ्या," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्हांला आधी निघायचंय."

डॉक्टर उठले. त्यांच्यामागून मी उठलो, आणि मग सगळेच उठले.