मिठाचा दोष

सातव्या महिन्यात माझे पाय असे सुजले की चप्पल चढेना. सोसायटीतल्या बायकांनी लगेच निकाल दिला, मुलगाच होणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी दोनदा प्रेशर मोजलं, लघवी तपासली आणि मला घरी जाऊच दिलं नाही. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणाल्या, गरोदरपणातलं जिवावर बेतणारं प्रेशर.

मग जो तो कारण शोधायला लागला. नवरा म्हणाला, बँकेतलं टेन्शन. माझ्या आईने फोनवरून चहाला दोष दिला. सासूबाईंनी मात्र सगळं स्वतःवर घेतलं. त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावरचं. जुईनगरच्या फ्लॅटमध्ये येऊनही त्यांचं सुकट आणि खारातली कैरी सुटली नव्हती, आणि तेच त्यांनी मला मायेने भरवलं होतं. मी दाखल झाले त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं. माझ्या खाटेशेजारी बसून अळणी भात गिळायच्या. मला ते बघवायचं नाही, आणि रागही यायचा, कारण कुणाचा तरी दोष निघावा असं मलाही वाटत होतं.

प्रेशर औषधांना दाद देईना. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. शेवटी मी डॉक्टरबाईंचा हातच धरला. "माझं काय चुकलं ते तरी सांगा."

त्या खुर्ची ओढून बसल्या. बाळाला पोसते ती वार. सुरुवातीच्या महिन्यांत तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात आणि आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. माझ्यात ते काम अर्धवट राहिलं होतं. वाहिन्या अरुंदच राहिल्या, वारेला रक्त कमी पडलं, आणि तिच्यातून माझ्या रक्तात असं काही उतरलं की अंगभरच्या वाहिन्यांचं अस्तर बिघडलं. म्हणून प्रेशर, म्हणून सूज, म्हणून लघवीतून जाणारं प्रोटीन. हे काम कुणाचं अर्धवट का राहतं, ते पूर्णपणे कुणालाच ठाऊक नाही.

"मीठ, चहा, टेन्शन, कशानेच झालेलं नाही हे," त्या म्हणाल्या. "पण वार बाहेर आल्याशिवाय थांबणार नाही. उद्या सकाळी सिझेरियन करू."

बाळाची फुफ्फुसं अजून कच्ची होती. त्यासाठी इंजेक्शनं दिली होती, तेवढाच आधार. आत ठेवावं तर दोघांच्याही जिवाशी खेळ, बाहेर काढावं तर ते टिकेल की नाही कुणी सांगेना. मी उशीत तोंड खुपसून रडले.

सासूबाई डबा उघडत होत्या. मी डोळे पुसून म्हटलं, "आई, मिठाने काही झालं नाही. डॉक्टरच म्हणाल्या. तुम्ही आता नीट जेवा."

मला वाटलं, त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल. त्यांनी डबा तसाच बंद केला.

"मिठानी झाला असता तं बरा व्हता गो बाय," त्या म्हणाल्या. "मीठ मी जलमभर सोरला असता. आता पोरासाठी काय सोरू?"